ठिणगीची निवड

देवगाव रंगारीच्या शिवारात मका कणसात आला की माणसांच्या रात्री माणसांच्या राहत नाहीत. नदीकाठच्या झुडपांतून आणि उसाच्या फडांतून रानडुकरे निघतात, पडीक रानातून रोह्यांचा कळप येतो आणि दोन तासांत चार महिन्यांची मेहनत आडवी होते. मग शेतकरी माळ्यावर बसतो. हाताशी बॅटरी असते, बडवायला पत्र्याचा डबा असतो आणि एखाद्याच्या घरी वाडवडिलांपासून चालत आलेल्या परवान्याची ठासणीची बंदूक असते. अशाच एका माळ्याखाली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलणे निघाले. बंदूक जुनी होती, पण नळी आतून लख्ख होती आणि लाकडाला तेलपाणी झालेले होते. "बाबा, उडते का अजून?" असे विचारले, तर म्हातारा हसला. म्हणाला, "उडती की. पण साहेब, बंदूक दगा देत नाही. दगा देती ती टोपी."

म्हाताऱ्याचे हे वाक्य आम्हाला त्या दिवसापासून सोडत नाही. बंदूक म्हटली की आपल्याला नळी आठवते, गोळी आठवते, फार तर दारू आठवते. परंतु या साऱ्यांना जिवंत करणारी जी वाटाण्याएवढी तांब्याची टोपी, तिचा विचार कोणी करीत नाही. परवाना देणारे कार्यालय करीत नाही, विकणारा दुकानदार करीत नाही आणि पुष्कळदा वापरणाराही करीत नाही. ज्याने हा विचार केला नाही त्याची बोटे जातात, डोळा जातो. निदान पीक तरी जातेच.

ही टोपी म्हणजे काय, ते आधी पाहू. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू ओतायची, त्यावर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सारे गजाने ठासायचे. नळीच्या बुडाशी बाहेरच्या अंगाला एक पोकळ खुंटी बसवलेली असते. कारागीर तिला निपल म्हणतात. या खुंटीवर टोपी चढवायची. टोपीच्या आत स्फोटक मसाल्याचा पातळ थर असतो. चाप ओढला की घोडा टोपीवर आदळतो, मसाला पेटतो, ज्योत खुंटीच्या भोकातून आत जाते आणि दारू पेट घेते. काडतुसाच्या बंदुकीत हीच टोपी काडतुसाच्या बुडात बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. जागा बदलली, काम तेच राहिले.

टोपी येण्यापूर्वी हे काम रंजक करीत असे. कान्यावर टाकायच्या बारीक दारूला आपल्या जुन्या भाषेत रंजक म्हणत. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा रंजकीला लावायचा. पुढे चकमकीच्या बंदुकीत गारेची ठिणगी तिच्यावर पाडायची. पाऊस आला की तोडा विझे आणि रंजक भिजे. शिवाय रंजक आधी भडके आणि बार मागून निघे. या दोहोंतल्या क्षणभराच्या अंतराने एक मोठा शोध लावला. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा एक पाद्री पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. रंजकीचा भडका पाहून पाखरे उडून जात, याने तो वैतागला. आघात होताच पेटणारा मसाला वापरून त्याने भडक्याची भानगडच संपविली आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. असा मसाला म्हणून पुढे ज्याचा सर्रास वापर झाला, त्या पाऱ्याच्या स्फोटक क्षाराचे वर्णन एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० सालीच प्रसिद्ध केले होते. आणि ते प्रयोग करताना तो स्वतः जखमी झाला होता. तेव्हा हा पदार्थ जन्मापासूनच कोणाची गय न करणारा आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्या जिल्ह्यालाही या बदलाची एक खूण आहे. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर असताना त्याला अजिंठ्याची लेणी दिसली, ही कथा सर्वश्रुत आहे. तो जमाना चकमकीच्या बंदुकांचा. १८४४ साली त्याच लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल अजिंठ्यास आला. तो चित्रकार होता, तसाच नावाजलेला शिकारीही होता. त्याच्या काळापर्यंत गार मागे पडून टोपी आलेली होती. म्हणजे उण्यापुऱ्या पंचवीस वर्षांत, याच डोंगरांत, ठिणगी बदलली. पुढे काडतुसे आली आणि १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना १९६४ सालचा. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आहेत आणि त्या कंपनीचे मुख्यालय पुण्यातच आहे. काडतुसाची विद्या महाराष्ट्राला दीडशे वर्षे अवगत आहे, हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

आता मुद्द्याचा प्रश्न. टोपी निवडायची कशी? सर्वसाधारण समज असा की जेवढी जोरकस टोपी, तेवढा चांगला बार. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे परदेशातील हौशी नेमबाजांनी पुष्कळ गोळ्या खर्चून शिकलेले आहे. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या धर्तीच्या रायफली आजही झाडल्या जातात. १८६६ ची स्नायडर, १८७१ ची मार्टिनी-हेन्री ही त्यांतली इंग्रजी नावे. दोन्ही आपल्याकडच्या फौजांच्या हातून गेलेल्या. त्यांची मूळ काडतुसे आता कोण बनविणार? म्हणून ही मंडळी पितळी कवच पुन्हा पुन्हा वापरतात. त्यात नवी टोपी बसवायची, काळी दारू भरायची आणि शिशाची गोळी लावायची. हे करताना कोणती टोपी वापरावी, यावर त्यांच्यात दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, काळी दारू ही मुळात चटकन पेटणारी. बिनधुराच्या दारूला पेटवायला जेवढी प्रखर ज्योत लागते तेवढी हिला लागत नाही. उलट प्रखर ज्योत दारूच्या थराला धक्का देते, दाणे हलवते, आणि प्रत्येक बाराचा जोर वेगळा पडतो. म्हणून सौम्य टोपी घ्यावी. पिस्तुलाच्या काडतुसाची चालत असेल तर तीही. काही जण तर ज्योत आणखी मवाळ व्हावी म्हणून टोपी आणि दारू यांच्या मध्ये पातळ कागदाची चकती ठेवतात. दुसरा तट म्हणतो, छोट्या काडतुसाला हे ठीक. पण मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात पंच्याऐंशी ग्रेन, म्हणजे साडेपाच ग्रॅम दारू असते. एवढा लांब थर एकसारखा पेटायचा तर टोपीही दमदार हवी. दोन्ही तटांचे म्हणणे आपापल्या बंदुकीपुरते खरे आहे. त्यातून निघणारा नियम मात्र एकच आहे: ठिणगी दारूच्या बेताची हवी. कमी पडली तर बार उशिरा निघतो किंवा निघतच नाही. जास्त झाली तर नेम बिघडतो.

देवगावच्या नावातच रंगारी आहे, तेव्हा हे रंगाऱ्याच्या भाषेत सांगू. कापड चांगले आहे, रंग चांगला आहे, पण तुरटीचे पाणी जमले नाही तर रंग पहिल्याच धुण्यात निघून जातो. आणि तुरटी जास्त झाली म्हणून रंग जास्त चढतो असेही नाही. कापड मात्र खराब होते. तुरटी स्वतः रंग नव्हे. पण रंग धरतो तो तिच्यामुळे. टोपीचे तसेच आहे.

जोराइतकेच महत्त्व मापाला. टोपी खुंटीवर सैल बसली तर ती माळ्यावर चढताना गळून पडते आणि वेळेला घोडा नुसत्या खुंटीवर आपटतो. घट्ट असली तर पूर्ण खाली बसत नाही. घोड्याचा पहिला ठोका तिला बसविण्यातच खर्च होतो आणि बार दुसऱ्या ठोक्याला निघतो. तोवर डुक्कर पार होते. काडतुसातही हेच घडते. टोपी बुडाच्या पातळीच्या वर राहिली तर पहिला ठोका वाया जातो. आणि काही बंदुकांत तर अशी वर आलेली टोपी मागचे झाकण बंद होतानाच दाबली जाण्याचा धोका असतो. पिस्तुलाची टोपी रायफलच्या टोपीपेक्षा उंचीला किंचित कमी असते, म्हणून ती रायफलच्या काडतुसात खोल बसते आणि ठोका कधी पोहोचतो, कधी नाही. जाडीतला हा फरक डोळ्याला दिसत नाही. परिणाम मात्र दिसतो.

घडणीचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांची एक गंमत आहे. काडतुसाच्या टोपीत मसाला चिरडला जाण्यासाठी एक ऐरण लागते. इंग्रज अधिकारी बॉक्सर याने ती ऐरण टोपीतच बसविली आणि कवचाला मधोमध एकच भोक ठेवले. अमेरिकन बर्डनने ऐरण कवचातच घडविली आणि भोके बाजूला नेली. दोन्ही गोष्टी १८६० च्या दशकातल्या. पुढे इंग्रजाची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची युरोपात! पुन्हा भरणाऱ्याला बॉक्सरची सोयीची, कारण मधल्या भोकातून सरळ सळई घालून जुनी टोपी पाडता येते. एका प्रकारच्या कवचात दुसऱ्या प्रकारची टोपी चालत नाही.

आणि शेवटी मसाला. पाऱ्याच्या जुन्या मसाल्याने पितळ ठिसूळ होते; असे कवच पुन्हा भरले की तडकते. क्लोरेटचा मसाला जळाल्यावर मिठासारखा क्षार मागे ठेवतो. तो हवेतले पाणी ओढतो आणि नळीला गंज चढतो. काळ्या दारूची राख वेगळीच. म्हणून जुने जाणते लोक बार झाल्यावर नळी कढत पाण्याने धूत, कोरडी करीत आणि मगच तेल देत. नुसते तेल चोपडल्याने क्षार जात नाही. तेलाखाली तो आपले काम करीत राहतो. विसाव्या शतकात शिशाच्या संयुगाचा न गंजविणारा मसाला आला, तरी काळ्या दारूच्या राखेसाठी धुणे काही चुकत नाही.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, परदेशातल्या हौशी लोकांचे हे सोपस्कार. आमच्या शेतकऱ्याला त्याचे काय? तर ऐका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी परवाना देण्याची तरतूद आहे आणि तिथे कायद्याने नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचेच. म्हणजे १८०७ सालचा पेच आपल्या शेतकऱ्याच्या दारात कायद्यानेच आणून ठेवला आहे. त्याला टोपी निवडता आली पाहिजे, ही गरज कायद्यातूनच निघते. पण परवाना बंदुकीचा मिळतो, बाराचा नाही. दारू आणि टोप्या परवानाधारक दुकानातूनच घ्यायच्या. असे दुकान गावात नसते. शहरात जावे तर एका दुकानदाराने आमच्या परिचिताला जे ऐकविले ते नमुनेदार आहे: "आहे ते घ्या, टोपीला काय माप विचारता?" घरी आणलेल्या टोप्या पावसाळाभर घराच्या कोनाड्यात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. परत मिळते तेव्हा खुंटीचे भोक गंजाने अर्धे बुजलेले. मग पेरणीनंतरच्या एखाद्या काळोख्या रात्री चाप ओढला जातो आणि नुसता "टक्" आवाज येतो.

खरा धोका त्या "टक्"नंतर सुरू होतो. बार निघाला नाही म्हणजे निघणार नाही, असे नव्हे. ओलसर दारू काही क्षण धुमसून मग उडते. म्हणून ठोका फुकट गेला तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान मिनिटभर थांबावे, नळीत डोकावू नये, दुसरी टोपी घाईने चढवू नये. हे सांगणारा कोणी नसतो. आणि टोपी मिळेनाशी झाली की माणूस आपली अक्कल चालवतो. कोणी काडीपेटीचा गूल वापरतो, कोणी दिवाळीच्या टिकल्या. कसे, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. एवढेच सांगतो की हा मसाला बोटाच्या दाबानेही उडतो आणि त्याला माप कळत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही घरी दारूगोळा बनविणे हा परवान्याविना गुन्हाच आहे. टोपीसारखा काडतुसाचा सुटा भागसुद्धा कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच ठरतो. तेव्हा परदेशी नेमबाजांचे पाहून इकडे कोणी घरी काडतुसे भरू पाहील, तर त्याने आधी कायदा वाचावा. त्यांच्याकडून घ्यायचे ते हत्यार नव्हे, त्यांची काटेकोर सवय.

यावर एक रास्त आक्षेप आहे. बंदूक हवीच कशाला? रानडुकरानेही जगावे की. आमचा या आक्षेपाशी झगडा नाही. पिकाचा नाश करणाऱ्या प्राण्यालाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. शेजारच्या वैजापूर भागातल्या काळविटाला तर कायद्याचे सर्वांत वरचे संरक्षण आहे. सौर कुंपण, वेळेवर भरपाई हे मार्ग अधिक चांगले आहेत, यातही शंका नाही. परंतु माळ्यावरची बंदूक बहुतेक वेळा मारायला नसतेच. ती बार काढायला असते. छर्रे न घालता काढलेला एक बार कळपाला पांगवतो आणि शेतकऱ्याला पहाटेपर्यंत झोप देतो. आणि हा कायदेशीर, नोंदलेला, एका वेळी एकच बार देणारा मार्ग बंद पडला की त्याची जागा काय घेते? कुंपणाच्या तारेत सोडलेली वीज. आमिषात दडवलेला गावठी बॉम्ब. पहिल्याने शेजारचा शेतकरी मरतो, दुसऱ्याने चरणाऱ्या गाईचा जबडा फाटतो. बिनकामाची टोपी ही केवळ एका म्हाताऱ्याची अडचण नाही, ती अशी सगळ्या शिवाराच्या मुळावर येते.

उपाय अवघड नाहीत. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी कागदावर शिक्का मारण्याबरोबरच बंदूक तपासली जावी. खुंटी झिजली असेल तर बदलण्यास सांगावे आणि तिला कोणत्या मापाची टोपी लागते ते परवान्यावर लिहावे. टोप्या बंद डबीत, मापाची आणि तयार केल्याच्या महिन्याची नोंद असलेल्या मिळाव्यात. २०१६ च्या शस्त्र नियमांत हाताळणीच्या प्रशिक्षणाची कल्पना आलेली आहे. तिचा एक दिवस ठासणीवाल्या जुन्या परवानेधारकांसाठी तालुक्याच्या गावी ठेवावा. आणि ज्या राज्यात खडकी आणि वरणगाव आहेत, त्या राज्यात शेतकऱ्याला चांगली टोपी तालुक्याला मिळू नये, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. एवढे करण्याची तयारी नसेल तर सरकारने दुसरे तरी करावे: ठासणीच्या बंदुका सन्मानाने जमा करून घ्याव्यात आणि त्यांच्या जागी कुंपण द्यावे. पण परवाना द्यायचा आणि ठिणगी द्यायची नाही, ही शेतकऱ्याची थट्टा आहे.

त्या म्हाताऱ्याने निघताना एक गोष्ट दाखविली. माळ्यावरून उतरण्याआधी त्याने घोडा अलगद धरून खुंटीवरची टोपी काढली आणि कमरेच्या डबीत ठेवली. बंदूक मोकळ्या रानाकडे धरून तो खाली आला. नळीत दारू तशीच होती, म्हणून तोंड कोणाकडेही वळू दिले नाही. आम्ही म्हणालो, "बाबा, एवढीशी टोपी, पण जपता फार." तो म्हणाला, "साहेब, बंदूक हातात असली तरी इचार टोपी चढवतानाच करायचा असतो."